शंभर डॉलरांचा गडी

सबंध हंगामांत एकहि सामना न हरतां आणि एकहि सामना बरोबरींत न सोडतां अजिंक्यपद मिळविणारा संघ अमेरिकेंतील नॅशनल फुटबॉल लीग या धंदेवाईक संघांच्या मंडळाच्या इतिहासांत आजवर एकच होऊन गेला आहे. तो म्हणजे फ्लॉरिडा संस्थानांतील मायामी शहराचा ‘डॉल्फिन्स’ हा संघ, आणि तें वर्ष १९७२. चौदा नेमाचे सामने, दोन बाद फेऱ्यांचे आणि एक अंतिम, असे सतरा सामने त्यानें ओळीनें जिंकले. या पराक्रमावर तिकडे इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आमच्यासारख्यानें भर घालावी असें फारसें उरलेलें नाहीं. परंतु त्या सतरांपैकीं अकरा सामन्यांस ज्याच्या हातीं संघाची सूत्रें देऊन मैदानांत उतरविण्यांत आलें, तो संघाचा नेमलेला सूत्रधार नव्हताच. राखीव म्हणून बांकावर बसविण्याकरितां शंभर डॉलर मोजून घेतलेला, अडतीस वर्षांचा, केंस बारीक कापलेला एक गृहस्थ होता. ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून या खेपेस त्याच्याविषयीं लिहावें असें योजिलें आहे.

प्रथम खेळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात त्याचा पायाशीं संबंध बेताचाच. दोन्ही टोकांस निमुळता असा लांबट चेंडू हातांत धरून पळावयाचें, किंवा तो पुढें फेंकावयाचा, आणि शंभर यार्डांच्या मैदानांत प्रतिपक्षाच्या हद्दीपलीकडे न्यावयाचा. प्रत्येक बाजूस अकरा गडी. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्यास चार डाव मिळतात. त्या चारांत दहा यार्ड पुढें सरकलें तर पुन्हां चार मिळतात, न सरकलें तर चेंडू दुसऱ्याच्या हवालीं. हद्द ओलांडली कीं सहा गुण. त्यावर दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेनें पार केला कीं आणखी एक. हद्द गांठणें साधत नसेल तर दुरूनच तशी लाथ मारून तीन गुण मिळवितां येतात. ज्यानें लहानपणीं आट्यापाट्या खेळल्या असतील त्यास एकेक पाटी सोडविण्यांतील धडपड समजेल, आणि ज्यानें हुतूतू खेळला असेल त्यास अंगाशीं अंग भिडविण्याची कल्पना येईल. या दोहोंच्या मिश्रणांत सेनापतीची एक जागा घातली कीं हा खेळ झाला. त्या सेनापतीस क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू प्रथम त्याच्या हातीं येतो. तो कोणास द्यावा, कोणाकडे फेंकावा, कीं स्वतःच घेऊन निसटावें, याचा निर्णय त्यानें दोनतीन सेकंदांत करावयाचा. आणि तेवढ्या अवधींत समोरचे तीन तीन मणांचे धिप्पाड गडी त्याच्या अंगावर धांवून येत असतात.

मायामीचा संघ १९६६ सालीं निघाला. पहिलीं चार वर्षें त्याची गणना सर्वथा दुबळ्या संघांत होई. १९७० सालीं डॉन शूला हा शिक्षक बाल्टिमोरचा संघ सोडून तेथें आला, आणि दुसऱ्याच वर्षीं हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला. तो सामना १६ जानेवारी १९७२ रोजीं न्यू ऑर्लीन्स येथें झाला, व त्यांत डलास संघानें मायामीचा २४-३ असा धुव्वा उडविला. मायामीस प्रतिपक्षाची हद्द एकदांहि ओलांडतां आली नाहीं. शूला मोठा कडक मनुष्य. पुढील हंगामाची तयारी सुरू होतांच त्यानें आपल्या गड्यांस समोर बसवून त्या पराभवाची चित्रफीत दाखविली. पोरांनीं चुकलेलें गणित विसरूं नये म्हणून फळ्यावर तसेंच राहूं देणारे गुरुजी आम्हीं पाहिले आहेत. शूलाची जात तीच.

आतां आमच्या गृहस्थाकडे वळूं. त्याचें नांव अर्ल मोरॉल. जन्म १९३४ सालचा, मिशिगन संस्थानांतील मस्कीगन गांवचा. १९५६ सालीं तो या धंद्यांत पडला. सॅन फ्रॅन्सिस्को, पिट्सबर्ग, डिट्रॉइट, न्यूयॉर्क, बाल्टिमोर असा पांच संघांत त्याचा प्रवास झाला. परंतु पुष्कळसा काळ दुसऱ्या कोणाच्या तरी सावलींत गेला. १९६८ सालीं बाल्टिमोरचा विख्यात क्वार्टरबॅक जॉनी युनायटस याचा हात हंगामापूर्वीं दुखावला, तेव्हां मोरॉल त्याच्या जागीं उभा राहिला. त्या हंगामांत चौदांपैकीं तेरा सामने जिंकून लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यानें मिळविला. त्या वेळीं बाल्टिमोरचा शिक्षक होता हाच शूला. परंतु जानेवारी १९६९ मधील अंतिम सामन्यांत न्यूयॉर्क जेट्स या संघानें, ज्यास कोणी खिजगणतींत धरीत नव्हतें, बाल्टिमोरला १६-७ असें हरविलें. पूर्वार्धांत मोरॉलनें फेंकलेले तीन चेंडू प्रतिपक्षानें झेलले; एका प्रसंगीं तर त्याचा एक गडी हद्दीजवळ अगदीं मोकळा उभा असतां याच्या नजरेस पडला नाहीं. उत्तरार्धांत शूलानें त्यास काढून दुखऱ्या हाताच्या युनायटसला खेळविलें, पण वेळ गेली होती. वर्षभराचें यश त्या एका दुपारीं धुवून निघालें, आणि पुढें कित्येक वर्षें मोरॉलचें नांव निघालें कीं लोकांस तोच एक न दिसलेला गडी आठवे.

दोन वर्षांनीं, जानेवारी १९७१ मध्यें, नेमकें उलट घडलें. अंतिम सामन्यांत युनायटस जायबंदी झाला, मोरॉल बांकावरून उठला, आणि बाल्टिमोरनें डलासवर १६-१३ असा जय मिळविला. तथापि त्याचें वय वाढत होतें. १९७२ च्या एप्रिलांत बाल्टिमोरनें त्यास सोडून दिलें. अशा सोडलेल्या गड्यास दुसरा संघ ठराविक शंभर डॉलर भरून उचलूं शके, आणि शूलानें ते भरले. मायामीस येऊन पाहतो तों सहकारी आपल्याहून दहा-बारा वर्षांनीं लहान. एकानें थट्टेनें त्याच्या कपाटासमोर डुलती खुर्ची आणून ठेविली. हे महाशय रागावले नाहींत. त्यांनीं खुर्चीवर एक उशी आणून घातली, असें त्या थट्टेखोरानेंच पुढें सांगितलें आहे.

मायामीचा नेमलेला क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी हा सत्तावीस वर्षांचा, शांत डोक्याचा तरुण. त्याच्या हाताखालीं पहिले चार सामने निघाले. त्यांपैकीं मिनेसोटाचा सामना हातचा गेलाच होता. १६-१४ असा कसाबसा वांचला. १५ ऑक्टोबर रोजीं सॅन डिएगोविरुद्ध पांचवा सामना. त्यांत चेंडू फेंकीत असतां दोन गडी ग्रीसीवर आदळले, त्याच्या उजव्या पायाचें हाड मोडलें आणि घोटा निखळला. झोळींतून त्यास बाहेर नेलें आणि मोरॉल मैदानांत शिरला. तो सामना २४-१० असा जिंकला. पुढील आठवड्यांत बफेलोशीं गांठ पडली, ती २४-२३ अशी, म्हणजे एका गुणानें सुटली. त्यानंतर मात्र घडी बसली. बाल्टिमोरला, ज्यांनीं त्यास टाकून दिलें होतें त्यांनाच, त्यांच्याच गांवीं २३-०. न्यू इंग्लंडला तर ५२-०. डिसेंबरांत नेमाचे चौदाहि सामने संपले तेव्हां मायामीनें ३८५ गुण केले होते आणि अवघे १७१ दिले होते. लीगमध्यें दोन्ही बाबतींत पहिला क्रमांक.

एवढें सगळें एका अडतीस वर्षांच्या मनुष्यानें केलें असें म्हणणें म्हणजे इतरांवर अन्याय होईल, आणि तसें म्हटलेलें त्यालाहि रुचलें नसतें. या संघाचें बळ फेंकण्यांत नव्हतें, रेटण्यांत होतें. लॅरी झॉन्का हा दांडगा गडी चेंडू पोटाशीं धरून सरळ मधोमध घुसे. त्यानें त्या हंगामांत १११७ यार्ड काढिले. मर्क्युरी मॉरिस हा चपळ, कडेनें सुटणारा. त्याचे यार्ड बरोबर १०००. यांतील गंमत अशी कीं, हंगाम संपला तेव्हां मॉरिसच्या खात्यावर ९९१ च होते. मागाहून अधिकाऱ्यांनीं एका जुन्या सामन्याची चित्रफीत पुन्हां पाहिली, त्यांत त्याच्या नांवावर नऊ यार्डांची तूट चुकीनें पडलेली आढळली, व ती दुरुस्त करण्यांत आली. उत्तरपत्रिका फिरून तपासल्यानें कोणाचें भलें झालेलें आम्हीं क्वचितच पाहिलें आहे. या गड्याचें झालें. एकाच संघांतील दोघांनीं एका हंगामांत हजार हजार यार्ड काढण्याचा तो पहिलाच प्रसंग. आणि या दोघांस वाट कोणी करून दिली? लँगर, लिटल, कूचेनबर्ग, मूर, इव्हान्स या पांच जणांनीं. चेंडूस हात न लावतां समोरच्यास ढकलून फट पाडीत राहणें एवढेंच त्यांचें काम. यांतील कूचेनबर्ग व लँगर हे दोघे दुसऱ्या संघांनीं नाकारलेले होते. बचावाची फळी तर ‘बिननांवाची फळी’ म्हणूनच प्रसिद्ध झाली. आदल्या वर्षीं डलासच्या शिक्षकास तींतील गड्यांचीं नांवें आठवेनात, त्यावरून हें नांव पडलें म्हणतात. आणि ज्यांस तें उपहासानें मिळालें त्यांनीं तें बिरुदासारखें मिरविलें.

टीकाकार म्हणतात, त्या वर्षीं मायामीच्या वाट्यास दुबळे प्रतिस्पर्धी आले. हें खोटें नाहीं. नेमाच्या सामन्यांत जे संघ भेटले त्यांपैकीं जिंकलेले सामने हरलेल्यांहून अधिक असे दोनच निघाले, कान्सास सिटी आणि न्यूयॉर्क जायंट्स. दोघांचेहि आठ जय आणि सहा पराजय. आमच्या मतें हा आक्षेप ऐकून घ्यावा, पण त्यास फार मान देऊं नये. दुबळ्यांशीं खेळणारे संघ दरसाल असतात. त्यांपैकीं दुसरा कोणी सतराहि सामने जिंकून दाखवूं शकला नाहीं.

बाद फेरींत पहिल्यानें क्लीव्हलंडला २०-१४ असें हरविलें. दुसरा सामना ३१ डिसेंबर रोजीं पिट्सबर्गशीं. अपराजित संघास हा सामना घरच्या मैदानावर मिळावयास हवा असें कोणासहि वाटेल. परंतु त्या काळीं ही जागा पाळीपाळीनें ठरे, आणि पाळी पिट्सबर्गची होती. पूर्वार्ध ७-७ असा बरोबरींत संपला. तेंहि एका युक्तीनें साधलें: चेंडू लाथेनें दूर टाकण्यास उभा राहिलेल्या मायामीच्या गड्यानें समोर मोकळें रान पाहिलें आणि लाथ मारण्याऐवजीं तो चेंडू घेऊन ३७ यार्ड पळत सुटला. लगेच मोरॉलनें झॉन्काकडे चेंडू फेंकून हद्द गांठविली. परंतु एकंदरींत हल्ल्याचा जोर मंदावला होता. ग्रीसीचा पाय एव्हांना सांधला होता. अडीच महिन्यांनीं तो पुन्हां खेळण्यास सिद्ध होऊन बांकावर बसला होता. उत्तरार्धांत शूलानें मोरॉलला बसविलें आणि ग्रीसीस धाडिलें. त्यानें लवकरच वॉरफील्डकडे ५२ यार्डांची फेंक साधली, आणि सामना २१-१७ असा मायामीनें जिंकला.

राहिला अंतिम सामना. सूत्रें कोणाच्या हातीं द्यावयाचीं? एका बाजूस मूळचा नेमलेला, संघ ज्याच्याभोंवतीं उभा केला तो तरुण. दुसऱ्या बाजूस ज्याच्या हाताखालीं आरंभ केलेला एकहि सामना संघ हरला नव्हता तो वडीलधारा. शूलानें ग्रीसीस निवडलें. चार वर्षांपूर्वींच्या त्या दुपारची आठवण त्याच्या मनांत होती काय, हें त्याचें त्यालाच ठाऊक. होती असा आमचा तर्क आहे. निर्णय ऐकून मोरॉलला वाईट वाटलें, आणि वाईट वाटलें हें त्यानें लपविलें नाहीं. परंतु त्यावरून संघांत दोन तट पडले नाहींत, कीं याच्या तोंडून वर्तमानपत्रवाल्यांस एखादें तिखट वाक्य मिळालें नाहीं.

अशा वेळीं आपल्याकडे भरताचें नांव निघावयाचेंच. चौदा वर्षें पादुका पुढें ठेवून ज्यानें राज्य संभाळलें आणि धनी येतांच परत केलें, त्याची थोरवी कोण नाकारील? तथापि येथें एक भेद आहे. भरतास राज्य नको होतें. तें आपणांस मिळावें यासाठीं आईनें जें केलें त्याची त्यास लाजच होती. मोरॉलला ती जागा हवी होती. सोळा वर्षें तो तिच्यासाठीं झटला होता, मिळाली तेव्हां त्यानें ती शोभविली होती, आणि ज्या अंतिम सामन्यानें त्याच्या नांवास डाग लागला तो धुवून काढण्याची संधि त्याच्यापुढें आली होती. नको असलेली वस्तु परत देणें निराळें आणि हवी असलेली परत देणें निराळें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें फोड करून सांगावयास नको. घरचा कर्ता पुरुष अंथरुणास खिळला म्हणजे धाकटे काका, नाहीं तर थोरल्या आत्याबाई, किल्ल्या कंबरेस लावून वर्ष-दोन वर्षें प्रपंच ओढतात. कर्ता बरा होऊन ओसरीवर येऊन बसला कीं किल्ल्या परत करावयाच्या. त्या दिवशीं तर सगळेच देतात. पण दुसऱ्या दिवसापासून पुढें, घरांत तुपाचा डबा कोठें ठेवावा येथपासून मुलीचें स्थळ कोणतें पाहावें येथपर्यंत जे प्रश्न निघतात, त्यांत त्या मनुष्याचें बोलणें कसें असतें, हें आपण पाहिलेलें आहे.

१४ जानेवारी १९७३ रोजीं लॉस एंजलिस येथें नव्वद हजारांवर प्रेक्षकांसमोर वॉशिंग्टनशीं अंतिम सामना झाला. ग्रीसीनें फार थोडे चेंडू फेंकले, पण ट्विलीकडे फेंकलेला एक हद्दीपार गेला, जिम कीकनें दुसऱ्यांदा हद्द ओलांडली, मध्यंतरास १४-०. बचावांतील जेक स्कॉट यानें वॉशिंग्टनचे दोन चेंडू झेलले व सामन्याचा मानकरी ठरला. शेवटचीं कांहीं मिनिटें उरलीं असतां मायामीनें लाथेच्या तीन गुणांचा विचार केला. ते मिळते तर सतरा सामन्यांचा शेवट १७-० असा झाला असता. लाथ मारणारा होता गारो येप्रेमियन. सायप्रस बेटांत जन्मलेला आर्मेनियन, चणीनें लहान, डोक्यास टक्कल. मिनेसोटाचा सामना वांचविण्यांत यानेंच ५१ यार्डांवरून मारलेल्या लाथेचा मोठा वाटा होता. अशी लाथ मारतांना एका गड्यास गुडघा टेकून बसावें लागतें. मागें आलेला चेंडू झेलून तो क्षणार्धांत जमिनीवर उभा धरावयाचा, आणि दुसऱ्यानें त्यास लाथ मारावयाची. हें काम त्या दिवशीं करीत होता अर्ल मोरॉल. वर्षभर ज्यानें सेना चालविली, त्याच्या वाट्यास अंतिम सामन्यांत आलेलें काम हें होतें, आणि तो तें करीत होता.

लाथ खालून गेली, वॉशिंग्टनच्या गड्याच्या हातास लागून चेंडू परत येप्रेमियनकडे आला. त्यानें तो उचलून फेंकण्याचा प्रयत्न केला. चेंडू हातांतून निसटला, वर उडाला, प्रतिपक्षाच्या माइक बास यानें झेलला आणि ४९ यार्ड पळत नेऊन हद्दीपार केला. १४-७, दोन मिनिटें सात सेकंद शिल्लक. मायामीच्या गोटांत त्या वेळीं कोणाच्या तोंडांत काय काय आलें असेल तें येथें छापण्याजोगें नसावें. परंतु बिननांवाच्या फळीनें वॉशिंग्टनला पुढें सरकूं दिलें नाहीं आणि सामना तेथेंच संपला. सतरापैकीं सतरा.

पुढील हंगामांत ग्रीसीच्या हाताखालीं मायामीनें पुन्हां अजिंक्यपद मिळविलें. २००७ च्या हंगामांत न्यू इंग्लंडच्या संघानें ओळीनें अठरा सामने जिंकले, पण एकोणिसावा, म्हणजे अंतिम, जायंट्सकडून १७-१४ असा गमावला; तेव्हां १९७२ चा मान अबाधित राहिला. ओहायो संस्थानांत कँटन येथें या खेळाचें सन्मानमंदिर आहे. त्यांत त्या संघांतील झॉन्का, ग्रीसी, वॉरफील्ड, लँगर, लिटल व बुओनिकाँटी हे सहा खेळाडू आणि शिक्षक शूला यांस स्थान मिळालें. मोरॉलला मिळालें नाहीं. तो १९७६ पर्यंत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत, खेळत राहिला. नंतर मायामी विश्वविद्यालयांत त्यानें तरुण क्वार्टरबॅकांस शिकविलें. त्याच्या हाताखालून गेलेले जिम केली, बर्नी कोसार असे कांहीं पुढें फार नांवारूपास आले. डेव्ही नांवाच्या गांवचें नगराध्यक्षपदहि त्यानें कांहीं काळ संभाळलें.

येथवर लिहून थांबतां आलें असतें, परंतु जें मुलाबाळांच्या घरांत वाचलें जावयाचें त्यांत पुढील हकीकत गाळणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मोरॉल २५ एप्रिल २०१४ रोजीं वारला. त्याचा मेंदू बोस्टन विश्वविद्यालयांतील संशोधकांनीं तपासला, आणि डोक्यास वारंवार बसणाऱ्या आघातांनीं जडणारा क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी हा विकार त्यांत आढळल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. या विकाराच्या चार पायऱ्या मानतात. मोरॉलची चौथी होती. आयुष्याचा पुष्कळसा भाग बांकावर काढलेल्याची ही स्थिति, मग रोज अंगावर झेलणाऱ्यांची काय असेल? बिननांवाच्या फळीचा नायक निक बुओनिकाँटी यास उतारवयांत स्मृतिभ्रंशानें गांठलें. या विकाराचें निश्चित निदान मरणोत्तरच होतें म्हणून त्यानें २०१७ सालीं आपला मेंदू संशोधनास देण्याचें जाहीर केलें. त्याचा मुलगा मार्क १९८५ सालीं महाविद्यालयाच्या सामन्यांत मान मोडून कायमचा पंगु झाला होता. २०१८ च्या जानेवारींत हा बाप, अजिंक्य संघाचा हा नायक, आईबापांस उद्देशून जाहीरपणें बोलला: चौदा वर्षांखालील मुलांस अंगावर धांवून पाडण्याचा हा खेळ खेळूं देऊं नका; आपण स्वतः नऊ वर्षांचे असतांना सुरुवात केली ती चूक होती. दीड वर्षानें, ३० जुलै २०१९ रोजीं, तोहि गेला.